प्रभूची प्रार्थना ‘ऋणे’ या शब्दाशी येऊन अडते

वाघूरकाठ
सोमवार, पहाटे 3:10

सगळ्यांना सलाम. दोन वर्षं इथे नुसतं वाचत आले, लिहायला आज पहिल्यांदा बसले. झोप लागत नाही म्हणून.

मी भुसावळची. माझे मिस्टर ट्रक चालवायचे, स्वतःचा ट्रक. सावदा-रावेरकडची केळी भरायची आणि दिल्ली गाठायची. गेल्या वर्षी मार्चमध्ये वाटेतल्या एका ढाब्यावर चहाचा ग्लास हातातून पडला. पक्षाघात. बरोबरच्या क्लीनर पोराने लगेच दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय थोडा परत आलाय, काठी धरून न्हाणीपर्यंत जातात. बोलणं मात्र आलं नाही. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं, पण शब्द बाहेर येत नाही. नुसतं कण्हल्यासारखं होतं, मग चिडून डाव्या हाताने खाटेच्या दांडीवर मारत राहतात.

हप्ते थकले. फायनान्सवाले आधी फोनवर, मग दारात, आणि जूनमध्ये एका दुपारी चौघं जण येऊन ट्रक घेऊन गेले. सगळी गल्ली उभी होती. हे खिडकीतून बघत होते. त्यानंतरही बाकी निघते म्हणतात, म्हणून वसुलीचा माणूस अजून येतो. मी विनाअनुदानित शाळेत शिकवते, पगार होतो तेव्हा होतो. मुलगी बारावीला आहे.

आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. माझी पणजी 1899-1900 च्या दुष्काळात आईबाप गेल्यावर मिशनच्या आश्रमात वाढली. सात-आठ वर्षांची असेल. आजी सांगायची, पहिले कित्येक महिने ती रोज रात्री अर्धी भाकर फडक्यात बांधून उशाशी ठेवायची. उद्या मिळेल यावर तिचा भरवसाच नव्हता. मग एका रात्री तिने ती ठेवली नाही. का ठेवली नाही ते कुणाला कधी सांगितलं नाही. लहानपणी मला ही गोष्ट अर्धवट वाटायची. आता रोज आठवते.

मी मंडळीत, म्हणजे चर्चला, जाते. पाळकसाहेब नियमाने घरी येतात, महिला मंडळाच्या बायका डबा आणून देतात. सगळे म्हणतात, विश्वास ठेव, प्रभू शांती देईल. मी मान हलवते. रात्री अडीचला जाग येते, रेल्वेच्या यार्डात डब्यांची जोडाजोड चालू असते, तो धडधड आवाज. मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू करते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथपर्यंत नीट जातं. पुढे येतं, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ ‘आमची ऋणे’ म्हटलं की तो वसुलीवाला डोळ्यांपुढे उभा राहतो आणि प्रार्थना तिथेच बंद पडते. रोज.

ज्यांना खरंच शांती मिळाली आहे त्यांना विचारते. मिळालं ते नेमकं काय होतं?

सावदा_कांदेबाग
सोमवार, सकाळी 6:25

ताई, सलाम. तुमच्या मिस्टरांनी कधीतरी माझीही केळी नेली असतील.

माझी तीन एकर बाग. मागच्या जूनमध्ये वादळ आलं तेव्हा बाग पूर्ण निसवलेली होती, घड पंधरा दिवसांत कापायचे होते. वीस मिनिटं वारा चालला असेल. सकाळी जाऊन पाहिलं तर खोडं सगळी एका अंगाला निजलेली. वर्षभराचं खत, ठिबक, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या चिखलात.

त्या रविवारी उपासनेत हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, वेलाला द्राक्ष नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मी उठून बाहेर गेलो. राग आला होता. घरी येऊन ते पुस्तक पहिल्यापासून वाचलं, तीनच अध्याय आहेत. त्याची सुरुवात आनंदाची नाहीच. तो पहिल्यांदा देवाला विचारतो, मी किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? दुसऱ्या अध्यायात बुरुजावर जाऊन उभा राहतो, देव काय उत्तर देतो ते बघू म्हणून. ‘तरी’ हा शब्द शेवटी येतो. आम्हाला उपासनेत फक्त शेवट वाचून दाखवला होता.

आता शांतीचं. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलंय, देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील. बेड्यांत असताना लिहिलंय. ‘राखील’ हा शब्द मी जन्मभर ऐकला, पण कळला तो हरभऱ्याच्या राखणीला बसलो तेव्हा. आमच्याकडे सातपुड्याच्या अंगाला रानडुकरांचा फार त्रास. रात्रभर माळ्यावर बसायचं, बॅटरी मारायची, डबा वाजवायचा. राखणदार बसला म्हणून डुकरं येत नाहीत असं नाही. येतात. पण शेत एकटं नसतं. मला मिळालं ते एवढंच, ताई. कर्ज तसंच आहे, काळजी रोज येते. पण माझ्या आत कुणीतरी जागं आहे असं वाटतं, मग मी झोपू शकतो.

द्राक्षवेलीची_फांदी
सोमवार, सकाळी 9:40

बहिणी, प्रभूच्या नावात सलाम. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. शांती हे प्रभूचं वचन आहे आणि वचन खोटं होत नाही. ती मिळत नसेल तर अडथळा आपल्या बाजूला असतो. क्षमेच्या ओळीवर प्रार्थना थांबते याचा अर्थ मनात कुणाविषयी तरी अढी आहे. याकोब म्हणतो, संशय धरणारा माणूस वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेसारखा असतो. तीन दिवस उपवास धरा, वसुलीवाल्याला मनापासून क्षमा करा आणि मग मागा. मी दारूतून असाच सुटलो, एका रात्रीत. आज नऊ वर्षं झाली, थेंबाला शिवलो नाही. तुम्हालाही मिळेल.

सिस्टर_यावल
सोमवार, दुपारी 1:15

मी एकोणीस वर्षं नर्स आहे आणि उपवासाचं वाचून जेवण सोडून लिहायला बसले. ताई, कृपा करून आत्ता उपवास धरू नका.

अडीचला जाग येते असं किती दिवस चाललंय? अवेळी जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, जेवण नकोसं होणं, आवडत्या कामात मन न लागणं, हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला औषध आहे. शुगरची गोळी घेणाऱ्याला आपण विश्वास कमी पडला म्हणत नाही. कोविडच्या वॉर्डानंतर मी स्वतः आठ महिने गोळ्या घेतल्या. रविवारी उपासनेलाही जात होते. दोन्ही चाललं. डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर 14416 वर फोन करा. टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात आणि रात्री अडीचलाही उचलतात.

आता मिस्टरांचं. बोलण्याचं केंद्र बहुतेक माणसांच्या मेंदूत डावीकडे असतं, म्हणून उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते. पण गाणं आणि वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेलं बोलणं यांची वाट थोडी निराळी असते. ‘पाणी दे’ म्हणता न येणारे पेशंट एक-दोन-तीन मोजताना, गाण्याची ओळ म्हणताना, आरती किंवा प्रार्थना म्हणताना मी पाहिले आहेत. सगळ्यांना जमतं असं नाही, आणि जमलं म्हणजे बोलणं परत आलं असंही नाही. पण तुम्ही प्रार्थना मनात म्हणता ना? ती मोठ्याने म्हणा. त्यांच्या खाटेजवळ बसून, सावकाश, थोड्या चालीवर. आणि स्पीच थेरपीसाठी दाखवलंय का? वर्ष उलटलं म्हणून वेळ गेली असं समजू नका.

वाघूरकाठ
सोमवार, रात्री 10:50

सिस्टर, नंबर लिहून घेतला. थेरपीला सुरुवातीला दोनदा नेलं होतं, मग भाड्याचे पैसे उरले नाहीत.

फांदीभाऊ, तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे कळतं. पण आज दिवसभर फळ्यापुढे उभी असताना तेच डोक्यात होतं, की माझ्यामुळेच अडलंय, यांची वाचासुद्धा माझ्या अविश्वासामुळे अडली असेल. वसुलीवाल्याला मी क्षमा केली का, मला माहीत नाही. पंचविशीचा पोरगा आहे. एकदा उन्हातून आला आणि पाणी मागून प्यायला. मला त्याचा राग येत नाही, त्याची भीती वाटते. क्षमा केल्याने भीती जाते का?

पांझरेकाठी
मंगळवार, सकाळी 7:30

मी धुळ्याचा, कोर्टात कारकून. दोन गोष्टी लिहितो, एक माझ्या आईची आणि एक कामाची.

आमच्या घरी अहिराणी. माझा भाऊ गेला तेव्हा मी चार दिवस जेवलो नाही, बायबल उघडून बसायचो आणि अक्षर दिसायचं नाही. आई चुलीपाशी बसलेली, तिचाही तो मुलगाच. ताट पुढे सरकवून म्हणाली, “आदी भाकर खाई ले, मंग भांड देवना संगे.” मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. पुढे एलीयाची गोष्ट नव्याने वाचली, पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायातली. एवढा मोठा संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला ओरडत नाही, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेत नाही. त्याला झोपू देतो. मग देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाऊन तो पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो, तुला वाट फार लांबची आहे म्हणून. वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद आवाज हे सगळं पुढे, चाळीस दिवसांनी. तोवर देवाने त्याच्याशी मोठं बोलणं केलेलंच नाही.

आता काम. ट्रक नेण्याआधी लेखी नोटीस आली होती का? तो कितीला विकला, ती रक्कम तुमच्या खात्याला जमा धरली का? हा हिशेब लेखी मागा. तोंडी ‘बाकी निघते’ याला काही अर्थ नाही. जळगावला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट बायकांना लागत नाही. आधार कार्ड, कर्जाचे कागद आणि हप्ते भरल्याच्या पावत्या घेऊन जा. भीतीचा एक भाग कागदाने कमी होतो, मी रोज बघतो.

नवापूर_फलाट
मंगळवार, रात्री 9:05

मला जास्त लिहिता येत नाही. आम्ही घरात मावची बोलतो. नवापूर तालुक्यातला मी. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. दुखणं उठतं तेव्हा हाडं दुखतात, तो रात्रभर ओरडतो. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्हाला रोगाचं नाव पण माहीत नव्हतं. दिवाळीनंतर आमची अर्धी मंडळी ऊसतोडीला गुजरातेत जाते, गावात म्हातारे राहतात. त्या रात्री ते म्हातारेच आले. सात-आठ जण. कुणी प्रार्थना मोठ्याने केली नाही. एकाने शेकोटी केली. एका आजीने मुलाचे पाय मांडीवर घेतले. सकाळपर्यंत बसले आणि उठून कामाला गेले.

ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत ते बरोबर होते. बोलायला लागले तेव्हा चुकले.

ताई, माझ्या आत शांती आली का ते मला सांगता येत नाही. त्या रात्री ती घरात होती. शेकोटीजवळ बसली होती.

कोथळीचा_वारकरी
बुधवार, सकाळी 8:00

मी तुमच्या धर्मातला नाही, मुक्ताईनगरचा. मुक्ताईच्या पालखीबरोबर बारा वेळा पंढरपूरला गेलोय. मुलगा इथला धागा वाचत होता, त्याने दाखवलं. मनापासून एक विचारतो. आमच्या संतांनी विठ्ठलाशी भरपूर भांडण केलंय, त्याला नाही नाही ते बोललेत, आणि ते सगळं आम्ही कीर्तनात गातो. तुमच्याकडे चालतं का असं? की देवाला तक्रार सांगणं पाप धरतात?

जुना_गिरणाकाठ
बुधवार, दुपारी 4:20

वारकरीबुवा, फार चांगलं विचारलंत. चालतं. नुसतं चालत नाही, आमच्या उपासनेच्या पुस्तकातच ते लिहिलेलं आहे. स्तोत्रं दीडशे. त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ ही तेराव्या स्तोत्राची सुरुवात. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. कुणीतरी ते पुस्तकातून काढून टाकू शकलं असतं. काढलं नाही. आणि प्रभूने वधस्तंभावर स्वतःच्या तोंडी बाविसावं घेतलं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आम्ही हे मंडळीत पुरेसं गात नाही, हा आमचा दोष. माझाही. पस्तीस वर्षं संडे स्कूल घेतलं आणि मुलांना तेविसावं पाठ करून घेतलं, अठ्ठ्याऐंशीवं एकदाही नाही.

आता वाघूरकाठच्या लेकी, तुझ्या त्या अडलेल्या ओळीवर मी दोन दिवस विचार करतोय.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ग्रीक शब्द खरोखर ‘कर्ज’ असाच आहे. लूककडे ‘पापे’ आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता तिच्यात पाप आणि कर्ज यांना एकच शब्द होता. आपल्या मराठी भाषांतराने तो कर्जाचा अर्थ सांभाळला, म्हणून तुला तो टोचला. ज्यांच्यापुढे ही प्रार्थना पहिल्यांदा म्हटली गेली ती गालीलातली शेतकरी, कोळी, मजूर माणसं होती, कराने आणि सावकाराने गांजलेली. तू त्या शब्दाशी अडखळतेस ती तुझी प्रार्थना चुकली म्हणून अडखळत नाहीस. तू तिच्या अगदी मुळाशी पोचली आहेस. ती ओळ कर्जदाराच्या तोंडीच शोभते.

दुसऱ्या राजांचा चौथा अध्याय काढ. एका संदेष्ट्याची विधवा अलीशाकडे येते. नवरा देवाला भिणारा होता, तो मेला आणि आता सावकार तिची दोन्ही मुलं गुलाम म्हणून न्यायला आलाय. अलीशा तिला विश्वासाचं प्रवचन देत नाही. विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, एका कुपीत तेल, बाकी काही नाही. तो म्हणतो, शेजारपाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडी नको आणूस. दार लाव आणि ओत. शेवटचं भांडं भरतं तेव्हा तेल थांबतं. मग तो म्हणतो, जा, तेल विकून कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. इथे ‘फेड’ साठी हिब्रूत जे क्रियापद आहे ते ‘शालोम’च्याच धातूचं आहे. आपण शालोमचं भाषांतर ‘शांती’ करून मोकळे होतो, पण त्या शब्दाच्या पोटात पुरतं होणं, भरून निघणं, फिटणं हे सगळं आहे. म्हणून विधी सेवावाल्या भावाने सांगितलेलं काम तू शांतीच्या शोधापासून वेगळं धरू नकोस. तेही शालोमच.

आणि भांडी शेजाऱ्यांची होती, हे विसरू नकोस.

यिर्मया 29:11 तुला आत्तापर्यंत दहा जणांनी पाठवलं असेल, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प’ ते. कुणी त्याच्या आधीची ओळ पाठवत नाही. तिच्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलात नेलेल्या लोकांना ते पत्र गेलं होतं. घरं बांधा, बागा लावा, त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण तुम्हाला इथे बराच काळ काढायचा आहे. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. लवकर बरं वाटलं नाही म्हणून तू नापास झालीस असं तुला कुणी वाटू देऊ नये, म्हणून लिहितो.

पंडिता रमाबाईंचं एक सांगून थांबतो. तरुणपणी दुष्काळाच्या भटकंतीत आई, वडील, मोठी बहीण गेली. 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर मुक्ती मिशनचा, म्हणजे बाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या आश्रमाचा, भार सोपवायचा होता, ती 1921 मध्ये गेली. बाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, ऐकू कमी येत होतं. त्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला लागून राहिल्या, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्या आत तेव्हा काय होतं हे मी सांगणार नाही. हातात काम होतं, एवढं खरं.

यार्डाजवळचा
बुधवार, रात्री 11:30

मी भुसावळचाच, कॅथलिक. आजोबा रेल्वेत होते, गोव्याहून आलेले. ताई, तुम्हाला ऐकू येतो तोच यार्डाचा आवाज मला ऐकू येतो.

बाबा गेले त्या वर्षी मला स्वतःचे शब्द सुचेनात. आई म्हणाली, सुचवायचे कशाला, आहेत ते म्हण. मग रोज जपमाळ. अर्थाकडे लक्ष नसायचं, मणी सरकायचे. काही दिवस मिस्सा, म्हणजे आमची उपासना, झाल्यावर परमप्रसादाच्या पवित्र भाकरीसमोर नुसता बसायचो. रोमकरांच्या पत्रात आठव्या अध्यायात आहे ना, काय मागावं ते आपल्याला कळत नाही, पण आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुम्ही लिहिलंत की मिस्टर कण्हल्यासारखं करतात. मला ते वाचून हेच आठवलं. ते कण्हणंही वर पोचत असेल.

द्राक्षवेलीची_फांदी
गुरुवार, सकाळी 6:10

बहिणी, तीन दिवस लिहिलं नाही. तुमच्या मिस्टरांची वाचा तुमच्या अविश्वासामुळे गेली असं मी म्हटलं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यातून तुम्हाला तेच मिळालं. माफी मागतो.

हा धागा काल बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, तुम्ही एका रात्रीत सुटलात, आणि त्याआधी अकरा वर्षं मी रोज मागत होते ती कुठे धरली? मी ती माझ्या साक्षीत कधीच सांगितली नव्हती. आता सांगेन. वचन खरं आहे यावर मी अजून ठाम आहे. किती दिवसांत, हे मी माझ्या मापाने ठरवायला नको होतं. मी जळगावलाच असतो, आठवड्यातून दोन दिवस रिकामा असतो, माझ्याकडे ओम्नी आहे. थेरपीला न्यायला येऊ शकतो. डिझेल-पेट्रोलचं काही बोलू नका.

वाघूरकाठ
रविवार, रात्री 9:45

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्ही विचारत होतात म्हणून सगळं क्रमाने सांगते.

14416 ला फोन केला. पलीकडे एक बाई होत्या, अर्धा तास बोलल्या, म्हणजे मीच बोलले. मग सरकारी दवाखान्यात दाखवलं, एक गोळी चालू आहे. झोप आता चारपर्यंत जाते.

फांदीभाऊ तीनदा यांना घेऊन गेले. गाडीत दोघं पुढे बसतात. भाऊ बोलत असतात, हे ऐकत असतात. हे पुष्कळ दिवसांनी रस्ता बघतात.

सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज दिवे लागल्यावर खाटेशी बसून मोठ्याने प्रार्थना म्हणते, मुलगीही बसते. पहिले आठ-दहा दिवस काही नाही. हे भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटलं त्यांना त्रास होतोय, बंद करावं. परवाच्या मंगळवारी ‘तशी तू आमची ऋणे’ इथे माझा आवाज नेहमीसारखा गेला. मी थांबले. मुलगीही थांबली, तिला सवय झाली आहे. आणि यांच्याकडून आलं, “सोड.” सोड नव्हे, ‘थोड’ असं काहीतरी. पण त्या जागी, त्या चालीत. मुलगी ओरडलीच. हे आमच्याकडे असे बघत होते की जणू कुणी दुसरंच बोललं.

दुसऱ्या दिवशी नाही आलं. गुरुवारी आलं. काल नाही. थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, यावर फार आशेची इमारत बांधू नका, पण चालू ठेवा.

मी त्या रात्री रडले आणि मग मला खूप राग आला. चौदा महिन्यांत एक शब्द, आणि तो हा? गिरणाकाठच्या बाबा, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मी त्या रात्री मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत. बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण खरं बोलल्यासारखं वाटलं, आणि मंडळीत मला ते बरेच महिने वाटलं नव्हतं. पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात उपासनेत वाचू, तूच वाच.

मीच विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. एक मात्र झालंय. परवा वसुलीवाला आला तेव्हा मी दार पूर्ण उघडलं. नेहमी फटीतून बोलायचे. त्याला म्हटलं, बाबा, हिशेब लेखी आण, मी वकील केलाय. हात थरथरत होते. आधी पाणी दिलं.

पांझरेकाठीभाऊ, जळगावला जाऊन आले. अर्ज घेतला, वकीलबाई मिळाल्या आहेत. हप्त्याच्या पावत्यांत गेल्या जानेवारीची सापडत नाही, ती बँकेतून काढता येते का?

पांझरेकाठी
रविवार, रात्री 10:20

येते. पासबुकावर नोंद असेल तर त्या महिन्याचा खातेउतारा बँकेकडून शिक्का मारून घ्या, तो चालतो. सोमवारी नको, गर्दी असते. मंगळवारी जा.

सावदा_कांदेबाग
सोमवार, सकाळी 5:50

ताई, शनिवारी भुसावळला येतोय, दोन फण्या आणतो. मिस्टरांना सांगा, या खेपेचा घड कसा भरलाय ते त्यांनी बघून सांगायचंय. बोटाने दाखवलं तरी चालेल.